सिस्टर आणि मोठ्या डॉक्टरांची ऑर्डर

अटक करायला आलेल्या इन्स्पेक्टरचं ब्लडप्रेशर मोजणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या रूथ साळवे. चाळीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे नवीन पनवेलमधलं आमचं अख्खं सेक्टर त्यांना सिस्टर म्हणतं.

त्या दिवशी त्या एका कारखान्याच्या गेटसमोर, ट्रकच्या पुढ्यात चटई टाकून बसल्या होत्या. इन्स्पेक्टर घाम पुसत म्हणाला, "सिस्टर, गाडीत बसा."

"बसते. आधी बाही वर करा. तोंड बघा कसं लाल झालंय."

गेटवर, पंचवीस पोलिसांदेखत, पट्टा आवळून फुस्स फुस्स सुरू झालं. "एकशेसाठ-शंभर! लोणचं बंद. पापडसुद्धा." एवढं बजावून त्या स्वतःच गाडीत चढल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण चटई स्कूटरवरून मीच पोचवली होती. पोचवली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. माझं धैर्य तेवढंच.

कारखाना पळस्प्याच्या पुढे आहे. पूर्वी तिथं पंपाचे भाग व्हायचे. मग तोफगोळ्यांची कवचं व्हायला लागली आणि दूरच्या कुठल्याशा लढाईवर रवाना व्हायला लागली. सिस्टरांना हे कळलं त्या रविवारी त्या प्रार्थनेहून आल्या त्या थेट माझ्या दारात. "मी शुक्रवारपासून तिथं बसणार."

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या डॉक्टरांनी."

मोठे डॉक्टर म्हणजे येशू ख्रिस्त. "'शत्रूवर प्रीती करा' अशी लेखी ऑर्डर आहे. ऑर्डर बदलायचा अधिकार नर्सला नसतो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी समजावून पाहिलं, "सिस्टर, तुमच्या बसण्यानं युद्ध थांबणार आहे का?" त्या म्हणाल्या, "मग युद्धानं माझं बसणं का थांबावं?"

दुसऱ्या शुक्रवारी त्यांना जोडीदार मिळाला. उरणकडचे पाटीलबुवा, गळ्यात तुळशीची माळ, जन्म मिठागरात गेलेला. ट्रक अडलेले बघून टेम्पोतून उतरले आणि चौकशी करून बाजूला मांडी घातली. "बाय, तुजा देव येगला, माजा येगला. पन मानूस मारायला दोगंबी नाय सांगत. आमी पन बसतो." चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात आपला आजा होता, हे ते प्रत्येक पोलिसाला सांगत. सिस्टर प्रभूचं गीत म्हणत, बुवा अभंग म्हणत, आणि दोघं एकाच वेळी म्हणत. ड्रायव्हर खाली उतरून ऐकत बसायचे, म्हणून तर मॅनेजर जास्त चिडला.

पाचव्या शुक्रवारी अटक झाली. जामीन कोण राहणार, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा सिस्टरांनी मला विचारलंही नाही, नुसतं बोट दाखवलं. त्यामुळे पुढची प्रत्येक तारीख माझीही झाली.

पहिल्याच तारखेला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"बसले हे कबूल. गुन्हा कबूल नाही."

"पुन्हा बसणार नाही असं लिहून देता? प्रकरण इथंच मिटेल."

"मॅडम, खोटं लिहून देऊ?"

बुवांना तोच प्रश्न. "ती बाय लिवून देत नाय, तर मी कसा देऊ?"

खटला वर्षभर चालला. तेवढ्या काळात कोर्टातल्या दोन कारकुनांची आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांची साखर सिस्टरांनी आटोक्यात आणली.

निकालाच्या दिवशी त्या पिशवी भरूनच निघाल्या. दोन सुती साड्या, शुभवर्तमान, गोळ्या, सुईदोरा. गॅस बंद करून किल्ली माझ्या हातात दिली. खोकल्याच्या काढ्यासाठी लावलेली तुळशीची कुंडी बुवांना आधीच देऊन टाकली होती. "सहा महिने धरून चाला," म्हणाल्या. चेहरा असा, की जणू माहेरी निघाल्यात.

न्यायाधीशबाईंनी दोघांनाही दोषी ठरवलं. मग वयाकडे बघून शिक्षा सांगितली : आजचं कोर्ट उठेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं.

"येवडंच?" बुवांना हसू आवरेना. "मंग जेवून येव का?"

सिस्टर मात्र पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर गप्प बसल्या. मी शेजारी बसलो. वाटलं, शिक्षा किरकोळ झाली म्हणून अपमान वाटला असेल. पुढे कुणाच्या तरी भिंतीचा दावा चालू होता. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "तुरुंगात सकाळ-संध्याकाळ हजेरी असते ना?"

"असते म्हणतात."

"पूर्ण नाव घेऊन?"

"बहुतेक."

"आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मला नावानं हाक मारलेली नाही कुणी. सिस्टर म्हणतात, आजी म्हणतात. पोलीस ठाण्यात नाव विचारलं तेव्हा सांगायला जरा वेळच लागला." मग एकदम ताठ बसून म्हणाल्या, "पण त्यासाठी नाही हं मी गेटवर बसत! ऑर्डर आहे म्हणून बसते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

पाच वाजता कोर्ट उठलं. बुवा उरणची बस गाठायला धावले. दालन रिकामं झालं. शिपाई पंखे बंद करत आला. "शिक्षा संपली, आजी. घरी जायचं."

"जरा पाच मिनिटं."

त्यानं आमच्या डोक्यावरचा पंखा तेवढा चालू ठेवला आणि निघून गेला.

सोळा वर्षांचा शेजार, पण जिभेला सवय नव्हती. शेवटी म्हणालो, "रूथबाई, पाणी आणू का?"

त्यांनी आधी वळून दाराकडे पाहिलं. कोण आलं, कोणी हाक मारली, म्हणून. दारात कोणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणा," त्या म्हणाल्या. "आणि शुक्रवारी आठला निघायचंय. उशीर चालणार नाही."