मास्तरांचा तिरका दात

आमच्या लालबागच्या चाळीतल्या गमरे मास्तरांच्या मिशीला खिडकी आहे. तीही मधोमध नाही, जरा डावीकडे. नवीन माणसाला वाटतं, न्हाव्याचा हात चळला. पण मास्तर दर रविवारी ती स्वतः कोरतात. तिथे त्यांच्या ट्रम्पेटचा माउथपीस बसतो.

“आधी जागा, मग जोर” हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. माझ्या कुकरचं झाकण बसेना, तेव्हा शेजारच्या दारातून तेच ऐकवलं. सिलिंडर जोडणाऱ्यालाही सोडलं नाही. “अरे, ढकलतोस काय? जागा बघ!”

मार्चमध्ये चिक्कीनं त्यांचा वरचा पुढचा दात नेला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीपुढे मास्तरच वाजवतात, आणि मिरवणुकीच्या कामांची यादी माझ्याकडे असते. यादीत मी ‘दात’ लिहिलं आणि त्यांना परळच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी सरळ, शुभ्र, देखणा दात बसवला. मास्तरांनी घरी येऊन ट्रम्पेट ओठाला लावलं. फुस्स!

“मास्तर, वाजवताय की सायकलीत हवा भरताय?” वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

मास्तर माझ्या दारात आले. “ताई, नाही वाजलं तर त्या दिवशी मी काय करू? नुसता चालू?”

मग आठवडाभर प्रयोग. ते आरशापुढे माउथपीस सरकवणार, मी लिहिणार. किंचित वर: फुस्स. किंचित खाली: सूर येतो, चढत नाही. उजवीकडे: लाळ. मधोमध: बरं, पण दोन मिनिटांत ओठ बधिर.

“माझं चुकत नाहीये, दातच चुकलाय,” शेवटी मास्तर म्हणाले. जुना दात तिरका होता. इतकी वर्षं माउथपीस त्याच्याच आधारानं बसत होता.

मी त्यांना घेऊन पुन्हा दवाखाना गाठला.

“वाकडा करून द्या,” मास्तर म्हणाले.

“काका, लोक माझ्याकडे दात सरळ करायला येतात!”

“त्यांना वाजवायचं नसतं.”

किती वाकडा ते कळायला बाईंना जुना, हसतानाचा फोटो हवा होता. मास्तरांचे फोटो ढीगभर, पण प्रत्येकात तोंडापुढे ट्रम्पेट. दोन दिवसांनी त्यांनी एक फोटो आणला. चौपाटीवर त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, ट्रम्पेट तोंडाला लावून गाल टम्म फुगवलेत, आणि शेजारी मास्तर जबडा उघडून हसतायत. तिरका दात स्वच्छ दिसत होता. सुमनताईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

बाईंनी त्या फोटोवर मोबाइल धरून मास्तरांचा चेहरा तेवढा टिपला.

“पूर्ण घ्या ना,” मास्तर म्हणाले. “तिला कापू नका.”

“काका, मला फक्त दात हवाय.”

“तिला काढलंत, तर मी कशाला हसतोय ते कसं कळणार?”

बाईंनी मोबाइल जरा मागे घेऊन पुन्हा फोटो काढला.

जयंतीच्या चार दिवस आधी वाकडा दात बसला. मास्तरांनी दवाखान्याच्या खुर्चीतच ट्रम्पेट ओठाला लावलं. सूर असा खणखणीत निघाला की बाहेर गाल धरून बसलेला पेशंट उठून उभाच राहिला. मी यादीत ‘दात’पुढे बरोबरची खूण केली.

मास्तरांनी ट्रम्पेट पेटीत ठेवलं. शर्टाच्या खिशातून तो फोटो काढला, रुमालानं पुसला.

“चल गं, झालं काम,” ते हळूच म्हणाले.

मी पर्स उचलली. ते माझ्याशी बोलत नव्हते.