गायरानाचे कंडक्टर

पिसारामभाऊ गायरानाच्या कडेला आले की चपला काढून काखेत मारतात आणि समोर चिटपाखरू नसताना खणखणीत आवाज देतात, "सरका जी, पुढं सरका, अंदर जागा हाय!" मग गर्दीतून वाट काढल्यासारखे अंग चोरून गवतात शिरतात.

धानपट्ट्यातल्या गोरेगावहून अर्ध्या तासावरच्या या गावात मी मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला. एसटीत आयुष्यभर कंडक्टरकी केली की असं होत असावं, असं वाटलं. भीतभीतच विचारलं, "भाऊ, कोणाला सरकवता?"

"सर्वायले. आपल्या पयले जे जे चढले त्यायले. तुमाले दिसून नाही राहिले, त्याले मी का करू?"

गायरान म्हणजे गावातल्या गुरांचं चराऊ रान. तलावाच्या वरच्या अंगाला पसरलेलं, कमरेएवढ्या गवताचं. भाऊंचं सगळं बोलणं तिथूनच सुरू होई. कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले की हे न बोलावता ओसरीवर जाऊन बसत आणि मुलाला पहिला प्रश्न टाकत, "तुमच्या गावाले गायरान हाय का?" एक मुलगा म्हणाला, "होतं, प्लॉट पडले." भाऊंनी हातातला चहा खाली ठेवला आणि मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत सांगितलं, "पाय बाप्पा, मोडून खानारे लोक हायत." लग्न झालं, पण भाऊंनी त्या मांडवात जिलेबीला हात लावला नाही.

त्यांना 'रिकामी' हा शब्द मात्र चालत नसे. मी एकदा म्हणालो होतो, "केवढी रिकामी जागा आहे हो!" पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आणि तोच शब्द एक दिवस कागदावर आला. गायरानावर धानाचं मोठं गोदाम बांधायचं ठरत होतं, त्या कागदात लिहिलं होतं, 'पडीत व रिकामी जागा'. ग्रामसभा बोलावली गेली. निम्मं गाव गोदामाच्या बाजूने होतं. धान ठेवायला जागा मिळेल, पोरांना काम मिळेल. यात चूक काहीच नव्हतं. सरपंचबाईही बुचकळ्यात पडल्या होत्या.

सभेत भाऊ उठले. अंगावर जुना खाकी शर्ट. "साहेबायनं जागा पायली का?" त्यांनी विचारलं.

पाहणीला आलेला तरुण अधिकारी प्रामाणिक होता. म्हणाला, "नकाशावर पाहिली."

"मंग चला. सभा चालत्या गाडीत होईल."

आणि खरोखर सगळी सभा त्यांच्या मागे निघाली. साहेबांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचली, ती ते उभ्या उभ्या उपटत होते. भाऊ मोहाच्या झाडाखाली, शेंदूर लावलेल्या दगडापाशी थांबले. "हा पयला थांबा. इथून गोंड लोक चढले. उन्हाळ्यात जुनं गवत जाळत, मंग कोवळ्या गवतावर चितळ येत." पुढे जमिनीत रुतलेले खोलगट दगड होते. "हे गोवाऱ्यायचे, गाई राखनाऱ्यायचे. गाईले मीठ चाटवाचे. पाय, जिभेनं दगड कसा गुळगुळीत झाला." त्यापुढे चुलीसारखे मांडलेले काळे धोंडे. बैलांवर मीठ आणि धान्य लादून येणारे लमाण तिथे मुक्काम करत.

"पन हे सर्व उतरून गेले ना भाऊ," गर्दीतून कोणीतरी बोललं.

"गेले कुठी? तुमी त्यायच्याच मांडीवर बसून राहिले!" म्हणत भाऊ तलावाच्या पाळीवर चढले. "आता तलाव कोनं बांधला?"

"कोहळ्यायनं," म्हातारे एका आवाजात म्हणाले. कोहळी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या बांधलेल्या तलावांचं आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

"मंग इतके हुशार लोक! धानासाठी खालची जमीन फोडली, अन् वरची काऊन सोडली? काऊन नाही नांगरली?"

भाऊंनी दोन हातांनी गवत बाजूला केलं. "कारन पावसाचं पानी याच्यातून गाळून तलावात जाते. हे काढा, दहा वर्षात तलावात माती. मंग गोदामात ठेवाले धान कुठून आनता? माह्या डोक्यातून?"

सगळ्यांचीच शेतं त्या तलावाखाली होती. फुलवंताबाई मागून ओरडली, "माह्या म्हशीले इचारा, जागा रिकामी हाय का!" हशा पिकला आणि हशातच गायरान राखण्यासाठी हात वर गेले. एकेक करत सगळे. साहेबांनी कुसळं उपटणं थांबवलं, पेन काढलं आणि 'रिकामी' हा शब्द स्वतः खोडला. गोदामासाठी रस्त्याकडेचं बंद पडलेल्या गिरणीचं आवार ठरलं.

त्या संध्याकाळी डफडी वाजली, गुलाल उडाला. भाऊंना लोकांनी खांद्यावर घेतलं. ते वरूनच ओरडत होते, "आरामानं जी, सुट्टे पडतील खिशातले!"

धान कापून झालं आणि दरवर्षीप्रमाणे कच्छकडचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन गायरानावर उतरले. भाऊ मला त्यांच्या डेऱ्यावर घेऊन गेले. जेठीबाई नावाच्या त्यांच्यातल्या म्हातारीने भाऊंना पाहताच हाक मारली, "आओ दादा! भाभी कैसी हैं?"

"मजे में," भाऊ म्हणाले. "घुटना दुखता है थोडा. वो चूल के पास से उठती नहीं, नहीं तो इन पडोसी मास्टरजी के साथ उसे भी लाया होता."

मी चरकलो. यमुनावहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिला होता.

जेठीबाई चहासाठी दूध आणायला आत गेली. मी भाऊंकडे पाहत राहिलो. ते गवताची काडी सोलत होते.

"ते दोघी इथं बसून लय बोलत," ते हळूच म्हणाले. "एकीले मराठी समजे ना, दुसरीले हिंदी. गावात सर्वायले मालूम हाय जी. घरात तर मालेच मालूम हाय. एका जागी तरी राहू द्या तिले."

जेठीबाई चहा घेऊन आली. सोबत लोकरीची विणलेली एक पट्टी होती, गुडघ्याला बांधायला. ती तिने भाऊंच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळली, "मास्टरजी, आप तो पडोसी हो. सच बताना, ठीक हैं ना हमारी भाभी?"

भाऊंनी मान वर केली नाही.

"एकदम ठीक हैं," मी म्हणालो. "कल ही आपको याद कर रही थीं."