टप्प्यावरच कापायचं

ही गोष्ट सांगायचं मी चार वर्षं टाळलं. गल्लीत किसनअण्णांचा विषय निघाला, की मी चष्मा पुसायला घेत असे. आता पंचाहत्तरी उलटली, चष्म्याच्या काचाही पुसून पुसून झिजल्या. तेव्हा सांगूनच टाकतो.

किसनअण्णा गेवराईतले माझे भिंतीला भिंत शेजारी. एसटीचे निवृत्त कंडक्टर. खुर्चीवरून उठायचं झालं, तर आधी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक वाजवत. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलायची नाही! पाहुणा उंबऱ्यात घुटमळला, की आतून आवाज येई, "दारात थांबू नका, पुढं सरका, मागं जागा हाय!" एकदा सोयरीक बघायला आलेली अख्खी मंडळी अशी सरकत सरकत परसात पोचली होती.

त्यांच्या डोक्यात एलईडी पट्टी शिरली, तेव्हा ते मलाही सलीमभाईंच्या दुकानात घेऊन गेले.

"वॉर्म व्हाइट देऊ का कूल व्हाइट?" सलीमभाईंनी विचारलं.

"म्हंजे?"

"गरम पांढरा, नाहीतर थंडा पांढरा."

"दूध घ्यायला आलोय का बे मी? लाल, हिरवी, समद्या रंगाची दे. आन लपलपली पायजे!"

"अण्णा, घरात लावायची का ढाब्यावर?"

"लपलपली पायजे," अण्णा ठाम.

सलीमभाईंनी पट्टी उलगडली. दर तीन दिव्यांनंतर बारीक कात्रीची खूण होती. "कापायचं तर खुणेवरच. मधे कापलं, की पुढचं सगळं बंद."

अण्णांचा चेहरा पट्टीच्या आधी उजळला. "गुरुजी, हे तर टप्पे हायती! टप्प्याच्या मधी उतरता येत न्हाई. हे काम कंडक्टरचंच!"

दुसऱ्या दिवशी अण्णा स्टुलावर आणि मी स्टूल धरून खाली. पट्टीच्या मागचा गोंद भिंतीचा रंग घेऊन सुटला आणि पट्टी पेटल्या अवस्थेत अण्णांच्या गळ्यात पडली. "रिटायर होताना येवडा हार घातला न्हवता कुनी," अण्णा म्हणाले. आम्ही दोघं इतके हसलो, की स्टूलही हसायला लागलं.

शेवटी बोळाच्या तोंडाशी अण्णांनी पट्टी कापून जोड दिला आणि क्लिपा ठोकून ती बसवली. बैठक म्हणजे बीड, ओसरी म्हणजे पाडळशिंगी, माझ्या भिंतीलगतचा बोळ म्हणजे गढी आणि स्वयंपाकघर म्हणजे गेवराई. "शेवटचा स्टॉप!" म्हणत अण्णांनी रिमोट दाबला. पट्टी बीडपासून गेवराईपर्यंत दोनदा लपलपली. स्वयंपाकघरातून वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि चक्क लाजल्या.

मग माझे हाल सुरू झाले. संध्याकाळी त्या बोळाशेजारी बसून पेपर वाचायची माझी जुनी सवय. आता अग्रलेख हिरवा आणि निधनवार्ता गुलाबी दिसू लागल्या. दर थोड्या वेळानं लप-लप.

"अण्णा, एकच रंग स्थिर ठेवा की," मी भिंतीवरून म्हणालो.

"डबल बेल हाय, गुरुजी. गाडी सोडतोय."

"रोज किती गाड्या सोडता?"

"परवाशी हाय तवर सोडायची."

एका दुपारी ते दोघं बाजाराला गेले. मी भिंतीवरून वाकलो आणि बोळातल्या जोडाला लागूनच, खुणेच्या अलीकडं, नेलकटरनं पट्टी कुट्ट केली. त्या संध्याकाळी माझा पेपर पांढराशुभ्र होता. निधनवार्तासुद्धा गोड लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी सहज डोकावलो. अण्णा बैठकीत रिमोट दाबत बसलेले. वहिनी आत पाठमोऱ्या.

"भांडण झालं का काय?" मी विचारलं.

अण्णा जवळ सरकले. "कुनाला सांगू नका, गुरुजी. तिला ऐकू येत न्हाई. वरीस झालं. लोक बहिरी म्हनतील म्हनून मला बोलू देईना. हाक मारली तर पोचत न्हाई, म्हनून ही डबल बेल. दोनदा लपलपलं, की येती."

मी चष्मा पुसायला घेतला.

"परवापासनं येईना. मला वाटलं रुसली, मग मीबी रुसलो. आज म्हनती, 'कट्टाळला का मला? बोलवायचंच सोडलं.' तवा जाऊन बगितलं. गढीपासनं पुढं गाडीच न्हाई!" त्यांनी पट्टीचं तुटकं टोक माझ्यापुढं धरलं. "हे बगा. खुणेच्या अलीकडं कापलंय. मीच कापलं आसंल. जोड तेवडा इतके दिस टिकला. बत्तीस वर्सं नोकरी केली, एक टप्पा चुकलो न्हाई. आन घरचाच चुकलो."

मी तोंड उघडलं. आणि त्यातून निघालं ते हे : "व्हायचंच, अण्णा. वय झालं की."

त्यांनी त्याच दिवशी पट्टी उतरवली. सलीमभाई नवी जोडून द्यायला तयार होते, अण्णा म्हणाले, "हाताचा भरवसा न्हाई आता." पुढं वहिनींना बोलवायचं झालं, की दुखरे गुडघे घेऊन बीडपासून गेवराईपर्यंत स्वतः चालत जात आणि खांद्यावर दोनदा बोट टेकवत. गल्लीत मात्र स्वतःच हसून सांगत, "म्हातारा कंडक्टर टप्पा चुकला!" सगळे हसत. मीही हसायचो.

अण्णा गेल्या वर्षी गेले. परवा हिंमत करून मी वहिनींसमोर बसलो आणि नेलकटरसकट सगळं सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडं निरखून बघत होत्या, पण माझ्या मिशांतून ओठ कुठले दिसायला? त्या हसल्या. म्हणाल्या, "साखर कमीच टाकते, गुरुजी." लिहून द्यावं, तर त्यांना वाचता येत नाही. चहा पिऊन आलो.

म्हणून इथं लिहितो. निदान अण्णांना हसलेली गल्ली तरी वाचेल.

अण्णा, माफ करा. तुमचा टप्पा बरोबर होता. चुकीच्या जागी कापलं ते मी.