उजवी मांडी, डावी मांडी

मुधोळच्या उद्धवरावांची काविळीची माळ म्हणजे आसपासच्या गावांत शेवटचा शब्द होता. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ते माळ करत. ती आधी डोक्यावर बसायची, मग दिवसागणिक सैल होत गळ्यात उतरायची. माळ उतरली की कावीळ उतरली, असा हिशेब. पैसे ते घेत नसत, बरा झालेल्याने नारळ तेवढा आणायचा. बुधवारी अंगणात पिवळ्या डोळ्यांची एवढी दाटी व्हायची, की घरच्यांना न्हाणीघरापर्यंत वाट मिळत नसे.

आणि अशा घरात सून वच्छलाला आपल्या तान्ह्या मुलाला काविळीची लस टोचायची होती. पोरांना कावीळच होऊ नये म्हणून नवी सुई निघालीय, हे तिने माहेरी, निर्मल गावात, ऐकलं होतं. तेव्हापासून तिने नवऱ्याला, यशवंतला, धारेवर धरलं होतं.

"अवं, माळवाल्याचाच नातू डाक्टरकडं गेला म्हणतील लोकं," यशवंत म्हणाला. "बाबाची इज्जत राहील काय?"

"इज्जत मोठी का पोरगं मोठं?"

यशवंत तयार झाला. मंगळवारी दोघे बाळाला मामाकडे नेतो म्हणून निघाले. बसमध्ये नेमका उद्धवरावांची माळ घातलेला एक भला माणूस शेजारी आला आणि निर्मलला उतरल्यावर मामाच्या दारापर्यंत पोचवूनच गेला. मग मामाचा चहा झाला, मामीने जेवायला बसवलं. दवाखाना गाठेपर्यंत दुपार टळली, पण बाळाच्या डाव्या मांडीत सुई गेली एकदाची. डॉक्टर म्हणाले, "थोडी सूज येईल, जरा अंग तापेल. गार पट्टी ठेवा."

बुधवारी सकाळी बाळ किरकिरू लागलं. बाहेर अंगण भरलेलं. आतल्या खोलीत वच्छला त्याच्या डाव्या मांडीवर ओलं फडकं धरून बसली होती. तेवढ्यात सासूबाई, राहीबाई, दुसरं ओलं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी ते बाळाच्या उजव्या मांडीवर ठेवलं.

"आत्याबाई," वच्छलाने विचारलं, "तुमी उजव्या मांडीवर काऊन ठेवून राह्यल्या?"

"तू डाव्या मांडीवर काऊन ठेवून राह्यली?"

वच्छलाने सासूचं फडकं उचललं. उजव्या मांडीवरही लालसर फुगवटा होता. राहीबाईंना खोटं फार वेळ पचत नसे.

"सोमवारी याले बासरच्या देवीले नेलं होतं ना," त्या हळूच म्हणाल्या, "तवा दर्शन झाल्यावर गाडीनं तसेच पुढं निझामाबादले गेलो. तुह्या सासऱ्यानं काविळीची सुई टोचून आणली. कोणाले सांगू नको म्हणे, माळेची इज्जत जाईल."

वच्छलाने डाव्या मांडीवरचं फडकंही उचललं. "अवं माय, मी काल तेच टोचलं."

राहीबाईंनी हाक मारली तशी उद्धवराव ओवायची माळ हातात घेऊनच आत आले. ऐकलं आणि माळ त्यांच्या हातून गळाली. उभ्या आयुष्यात ते इतके घाबरले नव्हते.

"मागच्या दारानं जाऊ बाबा," यशवंत म्हणाला. "लोकं बसले हायेत."

"बसू दे. पोराचा जीव हाय तो."

नातवाला छातीशी धरून ते भर अंगणातून निघाले, मागे घरचे तिघेही. "आज माळ नाई," त्यांनी चालता चालता सांगितलं. "नातवाले काविळीच्या दोन सुया बसल्या. डाक्टरकडं नेतो. बसा, नाईतर जा."

भाड्याच्या जीपमध्ये यशवंतला राहवेना. "बाबा, माळ घरची असून तुमी सुई काऊन टोचली?"

उद्धवरावांनी नातवाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "जो बरा होते तो नारळ घेऊन येते," ते म्हणाले. "जो नाई होत, तो येत नाई. न आलेले मले येकल्यालेच ठाऊक हायेत."

निर्मलच्या डॉक्टरांनी बाळाच्या दोन्ही मांड्या पाहिल्या, मग चारही मोठ्या माणसांची तोंडं पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. "एक डोस जास्त झाला, बाकी काही नाही. त्यानं काही बिघडत नाही. पुढचा एक महिन्यानं. फक्त कोण आणणार, ते घरी बसून ठरवा."

राहीबाई तिथेच बाकावर बसून रडल्या. उद्धवरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि सुनेकडे पाहिलं. "तुले विचारलं असतं तर येक चक्कर वाचली असती," ते म्हणाले. वच्छलाला इतकं हलकं वाटलं की ती सासऱ्यासमोर मोकळेपणी हसली.

परतताना मात्र उद्धवरावांना अंगणाची काळजी लागली. पोरगं सुखरूप होतं, पण माळ आता संपली, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. अंगण ओस पडलेलं असणार. गावात खोकला जरी झाला तरी माळवाल्याच्या नावाने लोक हसणार.

जीप दारात थांबली. अंगणातलं एकही माणूस हललं नव्हतं. उलट गल्लीतल्या बाया कडेवर पोरं घेऊन येऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे शेजारचे म्हातारे माणिकराव, मांडीवर पणतू.

"पोरगं बरं हाय ना दादा?"

"बरं हाय."

"मंग आमाले बी पत्ता द्या. तुमी सोता टोचता म्हंजे सुई चांगलीच असंल."

उद्धवरावांचा जीव भांड्यात पडला. ते ओट्यावर बसले आणि निर्मलच्या दवाखान्याचा पत्ता सांगू लागले. माणिकरावांनी त्यांना मधेच थांबवलं.

"पण त्या डाक्टरले आधीच बजावून ठेवा. तुमच्या नातवाले दोन अन आमच्याले येकीवर भागवायचं, हे चालणार नाई."