तुरोबाच्या घरचा भोंगा

एका जंगलात, बाळांनो, कोणाच्याच घराला दार नव्हतं. त्यामुळे दार वाजवायची पद्धतही नव्हती. ज्याला यायचं असेल तो सरळ आत यायचा.

त्या जंगलात तुरोबा नावाचा रानकोंबडा राहायचा. ऐनाच्या झाडाखाली करवंदाची जाळी होती, त्या जाळीत त्याचं घर. घरात त्याची बायको भुराबाई, आणि भुराबाईच्या पोटाखाली पाच अंडी. तुरोबा दिसायला देखणा होता आणि स्वतःला फार हुशार समजायचा. असले हुशार लोक मला नवीन नाहीत. रोज दाढी करताना एक समोर दिसतोच.

त्या जंगलात एक रीत होती. कोणी अंड्यांवर बसली की शेजाऱ्यांनी आळीपाळीने तिच्याकडे 'बसायला' जायचं. जाताना चोचीत थोडी वाळवी न्यायची. अंडी मोजायची, "पाच का? छान," म्हणायचं, आणि घरची बाई पाय मोकळे करून चार दाणे टिपून येईपर्यंत अंड्यांपाशी थांबायचं. बस, एवढंच.

भुराबाईकडे सगळ्यांत जास्त यायची ती टिटवीआत्या. ती समोरच्या माळावर राहायची. माळावरून काहीही सरपटत निघालं की ती गळा काढून ओरडायची आणि सगळं जंगल सावध व्हायचं. तिचं ओरडणं अशुभ असतं असं काहीजण म्हणायचे. पण ती ओरडली की तेही आधी पळायचे.

तुरोबाला ही ये-जा आवडत नसे. "सकाळपासून चौथी पाहुणी," तो कुरकुरायचा. खरं कारण वेगळंच होतं. टिटवीआत्या एकदा अंड्यांकडे पाहून म्हणाली होती, "आईवर जाऊ देत गं बाई सगळी." ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

तशात एक बातमी आली. पलीकडच्या जंगलात म्हणे कोणाची तरी अंडी चोरीला गेली. कोणाची, ते कोणाला ठाऊक नव्हतं. बातमी कोणी आणली तेही ठाऊक नव्हतं. पण सगळ्यांनी ऐकली होती, आणि ऐकलेली प्रत्येकाने पुढे सांगितली होती. तुरोबाची झोप उडाली. हे मात्र खरं सांगतो, तो अंड्यांवर जीव टाकायचा. भुराबाई डुलकी घ्यायला लागली की तो हळूच वाकून पाहायचा, पाचही आहेत ना.

दुसऱ्याच दिवशी सुतारपक्षी आला. चोरीच्या बातमीनंतर सुतारपक्षी नेहमी दुसऱ्याच दिवशी येतो. आमच्याकडेही तसाच आला होता.

"तुरोबा, तुमच्यासारख्यांच्या घरी हे हवंच," सुतार म्हणाला. "हा डोळा. झाडात बसवायचा. घरात काही हललं की याला कळतं. अंगाची ऊब लागली की याला कळतं. दोन्ही कळलं की भोंगा."

"आणि चोर आला नाही तर?"

"तर समजायचं, याला घाबरून आला नाही."

तुरोबाला हे फार पटलं. मलाही पटलं होतं.

"वॉरंटी किती?" त्याने विचारलं. असं काहीतरी विचारलं की आपण जाणकार वाटतो.

"एक वर्ष."

"पण पिल्लं एकवीस दिवसांत बाहेर येतील."

"मग तर तुमचा फायदाच आहे," सुतार म्हणाला आणि टकटक करून त्याने ऐनात भोक पाडलं.

बाळांनो, तुरोबा कोण होता? कोंबडा. ज्याच्या गळ्यातच देवाने भोंगा बसवलाय, त्याने दुसरा भोंगा बसवून घेतला. हसू नका. मीही जन्मभर हलक्या झोपेचा माणूस आहे. मांजर गेलं तरी मला जाग येते. तरी माझ्या दिवाणखान्यात तो डोळा आहेच.

झाडात डोळा बसला. त्यात हिरवा दिवा लागला. संध्याकाळी टिटवीआत्या चोचीत वाळवी घेऊन आली आणि भोंगा असा काही कोकलला की वाळवी एकीकडे आणि आत्या दुसरीकडे. तुरोबाची छाती फुगली.

"बघितलंस?" तो भुराबाईला म्हणाला. "लगेच ओळखलं."

"अहो, पण त्या आत्या आहेत."

"त्याला काय माहीत? त्याला सगळे सारखे."

भोंगा थांबवायला झाडाच्या खोडावर ठरावीक टोचे मारावे लागत. आधी दोन, मग एक, मग तीन. तुरोबाला पहिल्याच दिवशी विसर पडला. मग त्याने ते खोडावरच कोरून ठेवलं, डोळ्याच्या अगदी खाली, कोणालाही दिसेल असं. या बाबतीत मी त्याला काही बोलणार नाही. माझा आकडा मीही तिथेच चिकटवलाय.

सशाची बायको आली, भोंगा वाजला. खार आली, भोंगा वाजला. भुराबाईने अंडी उलटी केली, भोंगा वाजला. अंडी दिवसातून चार वेळा उलटी करावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. भुराबाईने हे नवऱ्याला सांगितलं.

"हळू उलटी करत जा," तुरोबा म्हणाला. "श्वास रोखून."

भुराबाई श्वास रोखून अंडी उलटी करू लागली. तुरोबा स्वतःच्या घरात पोटावर सरपटत येऊ लागला. पंख झटकायची त्याला चोरी झाली. मग एक दिवस तो माळावर जाऊन टिटवीआत्याला नम्रपणे म्हणाला, "आत्या, यायचं असेल तर आधी कळवत जा. आणि आमच्या घराच्या बाजूला फार ओरडू नका. दोन दोन भोंगे झाले की नेमका कोणता ऐकायचा, ते समजत नाही."

"बरं बाबा," आत्या म्हणाली.

त्यानंतर कोणीच बसायला आलं नाही. घर शांत झालं. तुरोबाला वाटलं, सुरक्षित झालं.

मग एका ढगाळ सकाळी भुराबाई म्हणाली, "दोन दिवस मी उठले नाही. भूक लागलीये. पण अंड्यांपाशी कोणीतरी हवं."

"डोळा आहे ना," तुरोबा म्हणाला. "चल, दोघंही जाऊ."

दोघं बांबूच्या बेटात दाणे टिपायला गेले. थोड्या वेळाने माळावरून टिटवीआत्याचा आवाज आला. जीव तोडून ओरडत होती ती.

भुराबाईची मान ताठ झाली. "अहो, घरी काहीतरी झालंय."

तुरोबाने कान दिला. "भोंगा वाजतोय का? नाही ना? मग काही झालेलं नाही. तिला सवयच आहे ओरडायची."

तेव्हा घरात घोरपड शिरली होती.

ढगाळ हवा होती. घोरपडीला ऊन मिळालं नव्हतं. तिचं अंग मातीइतकंच गार होतं आणि थंडीने ती सुस्तावून सरकत होती. डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. ऊब नाही. हालचाल म्हणावी तर तीही नाही. हिरवा दिवा हिरवाच राहिला. घोरपडीने पहिलं अंडं खाल्लं. मग दुसरं. तिला काहीच घाई नव्हती.

ओरडून ओरडून टिटवीआत्याचा घसा बसला. कोणी येईना. शेवटी ती स्वतःच जाळीत घुसली. तिच्या अंगात ऊब होती आणि ती धावत आली होती. भोंगा कोकलू लागला. घोरपडीने तिकडे वळूनही पाहिलं नाही. तिने तिसरं अंडं खाल्लं, चौथं खाल्लं. आत्याने तिच्या डोळ्याजवळ सपासप टोचे मारले, तेव्हा कुठे ती मागे वळली. आत्या पाचव्या अंड्यावर पंख पसरून बसली.

भोंगा ऐकून तुरोबा वाऱ्यासारखा धावला. जाळीच्या तोंडाशी घोरपड बाहेर पडत होती. तुरोबाने बाजूला होऊन तिला वाट दिली. ती काही वाजत नव्हती.

आत पाहतो तर चार कवचं फुटलेली, आणि मधोमध टिटवी.

"सापडली," तुरोबा ओरडला. "बघ भुरे, यंत्राने चोर पकडला."

भुराबाईने कवचांकडे पाहिलं. मातीत उमटलेल्या शेपटीच्या ओळीकडे पाहिलं. आत्याच्या छातीवरची पिसं उपटलेली होती, तिकडे पाहिलं. ती खाली बसली आणि रडली. आत्या हळूच उठली. तिच्याखाली एक अंडं होतं, अजून गरम.

तुरोबाला सगळं समजलं. खरंच समजलं, तो काही दगड नव्हता. माफी मागायला त्याने चोच उघडली. पण अशा वेळी माझ्यासारख्यांच्या तोंडून जे येतं तेच त्याच्या तोंडून आलं.

"यंत्राची चूक नाही, आत्या. तुम्ही हललात."

भुराबाईने आत्याला पंखाला धरून आपल्यापाशीच ठेवून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

तुरोबा सहा दिवस बाहेर थांबला. डोळा त्याने काढला नाही. वॉरंटी बरीच शिल्लक होती.

सातव्या दिवशी दुपारी आतून भोंगा कडाडला. तुरोबाच्या डोळ्यांपुढे ती चार कवचं आली. या वेळी तो उशीर करणार नव्हता. पंख फुगवून, नख्या पुढे करून तो आत झेपावला.

आत एक पिल्लू उभं होतं. ओलं, करवंदाएवढ्या डोक्याचं, नुकतंच बाहेर आलेलं. जगात आल्यावर त्याला पहिला ऐकू आला तो भोंगा, आणि पहिला दिसला तो नख्या उगारलेला बाप. ते थरथरत आत्याच्या पंखात शिरलं. भुराबाई मध्ये उभी राहिली.

तुरोबाने नख्या मिटल्या. तो पिल्लाशी शक्य तेवढ्या गोड आवाजात बोलला. "बाळा, घाबरू नकोस. जरा हलू नकोस, म्हणजे हा थांबेल."

पिल्लाने ऐकलं नाही. ते हललं.

भुराबाईने पिल्लाला पुढे घातलं आणि आत्याबरोबर माळावर निघाली. माळावर ना जाळी, ना आडोसा. नुसते खडे आणि उघडं आभाळ.

"तुम्ही येताय?" तिने विचारलं.

तुरोबाने घराकडे पाहिलं. डोळ्याकडे पाहिलं. "घर उघडं कसं टाकू?" तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

त्या दिवसापासून तो जाळीच्या बाहेर बसून घर राखतो. आत कोणी हलत नाही. आत कोणाची ऊब नाही. भोंगा एकदाही चुकीचा वाजला नाही. सुतारपक्षी मधे येऊन पाहून गेला. म्हणाला, "आता कसं अगदी नीट चाललंय."

तात्पर्य : घर सुरक्षित ठेवायचं असेल, तर आधी घरातल्या माणसांना बाहेर काढावं. माझं घर असंच अगदी सुरक्षित आहे, बाळांनो. तुम्ही कधीही या. फक्त हळू या, आणि जमलं तर अंग गार करून या.