पुलावरून निर्माल्य

सर्व नद्या अखेर समुद्राला मिळतात. चोपड्याकडच्या आमच्या गावाची स्वच्छता या एकाच सत्यावर उभी आहे. समुद्र गावात फारसा कोणी पाहिलेला नाही. पण न पाहिलेल्यावर भरवसा ठेवणं यालाच श्रद्धा म्हणतात, आणि त्या बाबतीत आम्ही कोणाला हार जाणार नाही.

मी रोज एस.टी.नं जळगावला कचेरीत जातो. वाटेत तापीचा पूल लागतो. निर्माल्य पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात जावं, म्हणून आळीतलं निर्माल्य पूल ओलांडणाऱ्या माणसाकडे द्यायची रीत आहे. पूर्वी ते पळसाच्या पानात असे. (पान कुजतं. देवाच्या वस्तूनं कुजावं हे बरं दिसत नव्हतं.) आता प्लास्टिकची पिशवी आली आहे आणि ती कुजत नाही.

पिशवीत जागा उरते, म्हणून निर्माल्याची व्याख्याही व्यापक झाली. ज्यावर देवाचं चित्र ते निर्माल्य, असं सुमनबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ठरवून दिलं. त्यात जुनी कॅलेंडरं आली, उदबत्तीचे पुडे आले, फटाक्यांची खोकी आली. मग बॅटरीचे संपलेले सेल आले. (त्यांच्यावर देव नाही, पण पिशवी जातेच आहे.) माझ्या पाहणीनुसार पिशवीत फुलांचं प्रमाण शेकडा चार आणि श्रद्धेचं शेकडा शंभर आहे.

यात व्यापाराचाही फायदा आहे. मोतीलाल कापडवाले माल आणायला सुरतेला गेले, तेव्हा समुद्रकाठी त्यांना स्वतःच्या दुकानाची पिशवी वाळूत दिसली. उकाईचं धरण ओलांडून गेली होती. तिथले मच्छीमार जाळ्यातून मासे कमी आणि पिशव्या जास्त काढत होते, आणि पिशवीगणिक शिव्या देत होते. परमुलखात आपलं नाव इतक्या हातांतून जातंय हे पाहून मोतीलालशेठना भरून आलं. परत आल्यावर त्यांनी पिशवीवर नाव गुजरातीतही छापून घेतलं.

अडचण एकच निघाली, ती म्हणजे भागाबाई.

पावसाळा सरला की ही म्हातारी पुलाखालच्या वाळूत टरबुजांची वाडी लावायची. तिचं वर्षाचं पोट त्या वाडीवर. उन्हाळ्यात नदी पलीकडच्या काठाला सरकते. आमच्या पिशव्या मात्र नेहमीच्या जागीच पडतात. एका संध्याकाळी ती पुलाच्या जळगावकडच्या टोकाला पिशव्यांनी भरलेलं पोतं घेऊन उभी राहिली. आमची परतीची गाडी थांबवली, पोतं आत ढकललं आणि मला म्हणाली, "भाऊ, देवनं शे म्हनीसन जाळता येस नही. वाळूमा पुरी दिधं तं वेल धरस नही. आते मी काय करू, तुम्हीच सांगा."

"अक्का, आम्ही नदीतच टाकतो," मी शांतपणे समजावलं. "नदी सरकली, त्याला आमचा काय इलाज?"

देवाचं म्हणून जाळता येत नाही आणि वाळूत पुरलं तर वेल धरत नाही, ही तिची अडचण मला पटली. मला तिची दया आली. सगळ्या गाडीलाच आली. अभिमन कंडक्टरनं पोत्याचं तिकीट माफ केलं. लोकांनी सरकून जागा दिली, पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला. तेवढ्यात गाडी पुलावर आली. आता, देवाला वाहिलेलं घरी परत नेणं कोणत्याही शास्त्रात बसत नाही, आणि पूल तर आयताच समोर. आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक पिशवी खिडकीतून सोडली आणि हात जोडले. एवढं सामुदायिक पुण्य त्या गाडीला पूर्वी कधी लाभलं नव्हतं.

मागे पाहिलं, तर भागाबाई पुलाच्या टोकाशी उभी राहून बघत होती.

त्या साली वाडी धरली नाही. पुढच्या साली तिनं ती लावलीच नाही. आता ती आमच्याच आळीत धुणीभांडी करते. टरबूज आम्ही बाजारातून आणतो. त्याला पहिली गोडी नाही, अशी तक्रार तिच्यापाशीच करतो, आणि ती मान डोलावते. घरोघरचं निर्माल्य पिशव्यांत भरून सकाळी माझ्या हातात तीच आणून देते.

तुमच्याही देव्हाऱ्यामागे एखादी पिशवी साठली असेलच. संकोच करू नका. गाडी साडेआठला निघते, त्याआधी भागाबाई येऊन घेऊन जाईल. ती तुम्हाला काही म्हणणार नाही.