बयाच्या पोटाचा घेर

बयाचं ऑपरेशन करायचं हे मी ठरवलं तेव्हा माझ्या हातात कात्री होती. (कात्री हातात असली की माझे निर्णय झटपट होतात. घरच्यांना याचा त्रास होतो, तो त्यांनी सोसावा.) बया म्हणजे आमची मांजर. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, आणि या बाईने तिसऱ्या खेपेची चार पिल्लं नेमकी पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यात घातली. त्या चौघांना घरं शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या. तेव्हाच मी दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "आता ऑपरेशन! आणि यापुढे एक जरी पिल्लू झालं ना, तर बया या घरात दिसणार नाही!"

माझा शब्द म्हणजे डबल शिलाई. उसवत नाही.

दवाखान्यात बया वजनकाट्यावर थांबेना. मग डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या कडेवर देऊन मलाच काट्यावर चढवलं, नंतर मला एकटीला. दोन्ही आकडे कार्डावर लिहून वजाबाकी केली. संध्याकाळी मांजर हातात देताना म्हणाल्या, "पिशवी काढली आहे. आता भूक वाढेल. रडेल, मागेल, पण अर्धी वाटी सकाळी, अर्धी संध्याकाळी. वर काही नाही."

घरी येऊन मी यांना आणि सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितला. विषय संपला.

माझ्यापुरता संपला. बयाचा सुरू झाला. आधी दूध हुंगून तोंड फिरवणारी ही राणी आता भाजीची देठं चाखून बघायला लागली. डब्याचं झाकण वाजलं की कुठूनही हजर. एकदा तर मशीनच्या तेलाची बाटली चाटताना सापडली. आणि पोट! चालताना डावीकडून उजवीकडे झुलायचं. मी टेप लावला. ऑपरेशनच्या आधी चौदा इंच होती, दोन महिन्यांत अठरा!

मी चौथी शिकलेय, पण घेर समजायला चौथी पुरते. अर्ध्या वाटीवर चार इंच वाढत नाहीत. पिल्लंच! ऑपरेशन फसलं! भर दारातला माझा तो शब्द आता कुठे लपवू? आणि पाळू तरी कसा? मशीनवर बसले की ती मांडीवर नसली तर माझी सरळ शिलाई वाकडी जाते.

मला भीती वाटली की मी भांडते. बयाला टोपलीत घालून टोपली यांच्या हातात दिली, सासूबाई बोलावलं नसताना निघाल्या, आणि आमची वरात दवाखान्यात शिरली.

"पिशवी काढली म्हणालात ना? मग हे काय, कापूस भरलाय?"

"काकू, आधी बसा बरं."

"बसत नाही! हिच्या पोटात पिल्लं निघाली नाहीत तर मी आठ दिवस जेवणार नाही!"

बाकावरच्या कुत्र्यांनीसुद्धा कान टवकारले. डॉक्टरीणबाईंनी बयाचं पोट दाबून पाहिलं. "पिल्लं नाहीत. चरबी आहे. हिला खायला कोण घालतंय?"

"कोणी नाही! अर्धी वाटी!"

मागून हे खाकरले. "मी... थोडंसं. म्हटलं, बिचारीची पिशवीच काढली."

"मग?"

"अगं, पोटात अन्न साठवायला पिशवीच नाही म्हटल्यावर खाल्लेलं टिकणार कसं? म्हणून आपलं सारखं, थोडं थोडं."

हे पोस्टात टपाल लावतात. पंचवीस वर्षांत एक पत्र भलत्या पत्त्यावर गेलं नाही, आणि घरातला एवढासा निरोप भलत्याच पिशवीत टाकला!

"मीही घातलं," सासूबाई म्हणाल्या. "रोज पहाटे. मला नीट माहीत आहे कोणती पिशवी ते. माझी काढली तेव्हा मला तीन दिवस पाण्यावर ठेवलं होतं. घरातल्या एकानेही विचारलं नाही."

मी त्यांना हात धरून बाकावर बसवलं. (आयुष्यात तिसऱ्यांदा.)

"आणि काकू, तुम्ही?"

"मी? मी काही नाही. मशीनवर बसले की फक्त एक बिस्कीट. अर्धं तिला, अर्धं मला."

"एकच?"

"पुडा संपेपर्यंत एकेकच."

पुन्हा काट्यावर चढले, बयाला घेऊन आणि एकटी. डॉक्टरीणबाई कार्ड बघत राहिल्या. "बया एक किलोने वाढली आहे. आणि काकू, तुमचाही मागचा आकडा इथे आहे. तुम्ही साडेतीन."

हे हसले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं एक शिकलेत.

"मग आठ दिवस न जेवण्याचं काय?" सासूबाईंनी विचारलं. आत्ताच आठवायचं होतं यांना!

"उपाशी नका राहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि कार्डावर बयाच्या नावापुढे लिहिलं, 'व काकू'.

ते कार्ड आता स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या भिंतीला टांगलंय. सासूबाई रोज सकाळी दोन अर्ध्या वाट्या भरून ठेवतात, एक ओट्यावर, एक खाली. काल घाईत वाट्यांची अदलाबदल झाली. बयाला पहिल्या घासालाच कळलं.

मला कळलं ते वाटी निपटून झाल्यावर.